गोव्याच्या पावसात बोर

डिसेंबर लागला की म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एका टोपलीत मोठी, गुळगुळीत, हिरवी ॲपल बोरं दिसतात आणि शेजारी गोणपाटावर वाटे लावलेली पिवळी-तांबूस गावठी बोरं. ॲपल बोराचा सफरचंदाशी काडीचाही संबंध नाही. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने दोन्ही एकच, झिझिफस मॉरिशियाना. एकाला माणसाने आकारासाठी निवडत निवडत वाढवलं, दुसरं पाखरांनी पेरलं. ॲपल बोर कुरकुरीत आणि रसाळ खरं, पण गावठी बोराचा आंबटगोड ठसका त्यात उतरलेला नाही, हे माझं मत.

परसात कलम लावणाऱ्यांची तक्रार मात्र ठरलेली असते. झाड माजतं, पण फळ धरत नाही, आणि धरलं तर किडकं निघतं. त्याचं मूळ बोराच्या फुलात आहे. जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचं, हिरवट-पिवळं, पानाच्या बगलेत झुबक्याने येणारं हे फूल. मधोमध मधाने ओलसर चकती, तिच्यात बुडालेला बीजकोश आणि असा वास, की माणूस नाक मुरडतो पण माश्या धावत येतात. माश्या, मधमाश्या आणि गांधीलमाश्या परागीभवन करतात. बोराच्या बऱ्याच वाणांना स्वतःचा पराग चालत नाही, तो दुसऱ्या वाणाचा लागतो. म्हणजे एकट्या कलमाला आसपास एखादं गावठी बोर असलं तर बरं. त्यात फुलोरा येतो सप्टेंबर-ऑक्टोबरात. गोव्यात तेव्हा पाऊस पुरता उघडलेला नसतो, आणि भिजल्या दिवशी माश्या फिरकत नाहीत.

बोर हे मुळात कोरडवाहू झाड, सोलापूर-अहिल्यानगरकडच्या माळाचं. सोटमूळ खोल जातं, उन्हाळ्यात पानं गाळून ते स्वस्थ राहतं. आपल्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस. त्यामुळे पाणी साचणारी कुळागराची, म्हणजे पोफळीच्या बागेची, जागा टाळून जांभ्या दगडाचा उतार द्यावा.

आणि छाटणी चुकवू नये. बोराला फुलं येतात ती त्याच वर्षीच्या नव्या फुटीवर. जुन्या फांद्या तशाच ठेवल्या तर झाड नुसतं उंच आणि काटेरी होतं, फळं बारीक होत जातात. महाराष्ट्रात एप्रिलच्या शेवटी, झाड विश्रांतीत असताना छाटतात. गोव्यातही हाच काळ सोयीचा, कारण मग फुटणारे कोंब जूनच्या पहिल्या पावसावर वाढतात. पुढे थंडीत कोवळ्या फळांवर भुरी येते, पांढरी पीठ शिंपडल्यासारखी. त्यावर वेळेत गंधकाची फवारणी करतात.

आता कीड. एखादं वाकडं, एका बाजूला दबलेलं बोर उभं चिरून पाहा. बाठ्याभोवती तपकिरी, ओलसर बोगदा आणि त्यात फिकट अळी सापडते. ही फळमाशी, कार्पोमाया व्हेसुव्हियाना. मादी कोवळ्या फळाच्या सालीखाली अंडी घालते. टोचलेली बाजू खुंटते, म्हणून फळ वाकडं होतं. पोसलेली अळी खाली मातीत शिरून कोष करते. म्हणून गळलेली बोरं झाडाखाली कुजू द्यायची नाहीत आणि उन्हाळ्यात बुंध्याभोवतीची माती उकरून कोष उन्हात उघडे पाडायचे. नुसत्या फवारणीवर भिस्त ठेवणाऱ्याच्या झाडाखाली पुढच्या वर्षीची पिढी निवांत झोपलेली असते.

सुक्या मेव्याच्या दुकानातला सुरकुतलेला लाल चिनी खजूर हा बोराचा सख्खा भाऊ, झिझिफस जुजुबा. त्याला हिवाळ्यात थंडीची विश्रांती लागते, तेव्हा गोव्यात त्याचा नाद करू नये. त्याच्या पानात झिझिफिन नावाचं द्रव्य असतं. पान चावलं की थोडा वेळ साखरेची गोडी जिभेला कळतच नाही. खायच्या बाबतीत आपलं ताजं बोरच सरस, त्यात क जीवनसत्त्व संत्र्यापेक्षाही जास्त. सुकवून बोरकूट केलं की त्यातलं बरंचसं जातं. पण गूळ, मीठ, तिखट घातलेलं बोरकूट जीवनसत्त्वासाठी कोण खातं?

पावसाच्या या मुलखाचं खरं बोर मात्र डोंगरात आहे. एप्रिल-मे महिन्यात करवंदांच्या जोडीने पानाच्या द्रोणातून विकायला येणारी पांढरी चुन्नां, तळकोकणातली तोरणं, म्हणजे झिझिफस रुगोसा. झाडांवर चढणारी ही काटेरी जाळी हिवाळ्यात फुलते आणि फळं पावसाआधी पिकवून मोकळी होते, म्हणून मुसळधार पाऊस तिला आडवा येत नाही. फळ वाटाण्याहून थोडं मोठं, पिठूळ गोड; दाताने दाबून गर घ्यायचा आणि बी थुंकायची. गर इतका नाजूक की फार लांब नेता येत नाही. चुन्नांची कलमं कुणी करत नाही, फवारणी कुणी करत नाही. डोंगर प्लॉटसाठी साफ करताना काटेरी झुडूप म्हणून पहिला कोयता मात्र तिच्यावरच पडतो.