मिरगाच्या आधी जोतं: बेळगावच्या साईटवर पाण्याची वाट शेवटी का राहते

शहराच्या दक्षिणेला, माळ संपून भाताची शेतं सुरू होतात तिथे दोन एकरांचा एक प्लॉट. मे महिन्याचा तिसरा आठवडा. सकाळी जेसीबी लागला आणि दुपारी चारपर्यंत अर्ध्याहून जास्त माळ सोलून झाला. साडेचारला वळीव आला. तास-दीड तास पडला असेल. सोललेल्या मातीवरचं लाल पाणी उताराने धावलं, कडेला रचलेला मुरमाचा ढीग घेऊन बांध ओलांडून खालच्या शेतात उतरलं. त्या शेतात आठ दिवसांपूर्वीच भाताची धूळवाफ पेरणी झाली होती. दुसऱ्या दिवशी पाणी ओसरलं तेव्हा वर बोटभर गाळ होता, आणि उन्हाने त्याची अशी पापडी धरली की खालचा मोड वर येईना.

मी त्या साईटवर कामाला होतो. नकाशात पावसाळी गटार होतं, एस्टिमेटमध्येही होतं. फक्त ते कामाच्या शेवटी होतं, पेव्हर ब्लॉकच्या जरा आधी. हा एका मालकाचा किंवा एका ठेकेदाराचा दोष म्हणून सोडून देता येत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी कुठेही जा, क्रम हाच. हा क्रम कुठून आला ते पाहायला थोडं मागे जावं लागतं.

जुन्या गवंड्यांचं वेळापत्रक पंचांगावर चालायचं. दिवाळी झाली की पाया खणायचा, शिमग्यापर्यंत जोतं वर काढायचं, आणि ७-८ जूनला मृग लागायच्या आत, म्हणजे आपल्या बोलण्यात मिरगाच्या आधी, घरावर कौलं चढवायची. कौलं राहिलीच तर निदान जोतं बांधून, आत मुरूम भरून, ठोकून ठेवायचा. तरणा-म्हातारा, म्हणजे पुनर्वसू-पुष्य नक्षत्रांचा पाऊस संपेपर्यंत कामाला हात नाही. सरकारी रस्ते-मोऱ्यांच्या कामांचा हंगामही दसरा-दिवाळीनंतर सुरू होऊन मेमध्ये संपायचा. त्यामुळे उघडी, मोकळी केलेली माती भर पावसात उभी राहायचा प्रसंगच कमी. साईटवर पाण्याचा बंदोबस्त असा वेगळा कुणी करत नव्हतं, कारण कॅलेंडरच तो करत होतं.

हे कॅलेंडर कधी मोडलं याची नेमकी तारीख काढता येणार नाही, पण कशाने मोडलं ते दिसतं. भारतात जेसीबीचं उत्पादन १९७९ मध्ये हरियाणातल्या बल्लभगडला सुरू झालं. पुढे ही पिवळी मशीन तालुक्या-तालुक्यात भाड्याने मिळू लागली आणि वीस माणसांचं पंधरवड्याचं खोदकाम एका दिवसावर आलं. रेडीमिक्स काँक्रीट आलं, पार्किंगसाठी तळघरं आली, बँकेच्या कर्जाचे हप्ते आले. काम बारा महिने चालू लागलं. पावसाळ्यात काम थांबवायची सवय गेली; तिच्या जागी मात्र काहीच आलं नाही. निळी ताडपत्री आली म्हणा हवं तर, पण ती सिमेंटच्या पोत्यांवर असते, मातीवर नाही.

आता जमिनीकडे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचीवर, घाटमाथ्याला लागून. पश्चिमेला कणकुंबी-आमगावकडे वर्षाला कित्येक हजार मिलिमीटर पाऊस, शहरात साधारण बाराशे-तेराशे, आणि त्याच जिल्ह्यात पूर्वेला अथणीकडे जेमतेम पाच-सहाशे. मातीही तशीच बदलते. खानापूर-जांबोटीकडे जांभा आणि लाल माती, निपाणी-चिकोडीकडे आणि पूर्वेला काळी. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पहिल्या पावसात त्या भेगांतून पाणी पायापर्यंत उतरतं आणि मग ती फुगते. जांभ्याचं वेगळंच. वरचा दगड सच्छिद्र, पाणी पिऊन घेतो. त्याच्या खाली पांढरट-पिवळी चिकण माती लागते आणि तिथे पाणी अडून आडवं चालू लागतं. म्हणून आमच्याकडे तळघराचा खड्डा वरून झाकला तरी कडेच्या भिंतींतून पाझरत राहतो, आणि पाऊस थांबल्यावर दोन दिवसांनी, भर उन्हात, त्या भिंतीचा लचका सुटून खाली येतो. बाहेरून आलेल्या सुपरवायझरला हे एकदा बघावंच लागतं.

या पाण्याच्या वाटा कागदावर नव्हत्या असं मुळीच नाही. १९५६ पर्यंत हा जिल्हा मुंबईकडे होता आणि मुंबई इलाख्याच्या मोजणीने गावोगावचे नकाशे करून ठेवले. त्यांत ओढे, नाले रेखलेले आहेत. उताऱ्यावर पोटखराब म्हणून जे गुंठे वेगळे काढलेले असतात त्यांत खडक-माळ येतो तसाच नालाही येतो. आज कर्नाटकाच्या उताऱ्यावर त्याचे 'अ' आणि 'ब' असे दोन प्रकार दिसतात. अ खराब म्हणजे पिकाला नालायक जमीन. ब खराब म्हणजे रस्ता, नाला अशा सार्वजनिक वापरासाठी राखलेली. पण हे नाल्याचं झालं. बांधाच्या कडेने जाणारा हातभर रुंदीचा चर, दोन शेतांमधला सांडवा, हे कुठल्याच उताऱ्यावर नसतं. ते शेजाऱ्या-शेजाऱ्यांच्या समजुतीवर चालतं. वरच्याने रोहिणीत चर उपसायचा, खालच्याने सांडव्याचे दगड नीट लावायचे. भांडणं व्हायची, पण भांडणालाही माणूस समोर होता.

कायद्यात याचा पाया १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यात आहे. मुंबई इलाख्याला तो १८९१ मध्ये लागू झाला. त्याच्या सातव्या कलमाखाली एक उदाहरण दिलं आहे: वरच्या जमिनीवर पडलेलं पाणी, ठरलेल्या पात्रातून वाहत नसलं तरी, नैसर्गिकपणे खालच्या जमिनीत जाऊ देणं खालच्या मालकावर बंधनकारक. बांधावरची भांडणं याच शब्दावर येऊन थांबतात: नैसर्गिकपणे. माळ सपाट केला, रोलर फिरवला, कडेला भिंत घालून सगळं पाणी एका भोकातून सोडलं, तर ते नैसर्गिक राहिलं का? पुढे कर्नाटक भूमहसूल कायदा १९६४ आला आणि त्याच्या ९५व्या कलमाखाली शेतजमीन बिगरशेती होऊ लागली. एनए झाली की बांध जातो, बांधाबरोबर चर जातो, आणि चर उपसणारा शेजारीही जातो. त्याच्या जागी चाळीस प्लॉटधारक येतात, त्यांतले निम्मे पुण्यात नाहीतर गोव्यात.

माती वाहून जाते हे सरकारला ठाऊक नव्हतं असंही नाही. १९३३ च्या सुमारास सोलापूर आणि विजापूरला कोरडवाहू शेतीची संशोधन केंद्रं सुरू झाली, आणि १९४२ च्या मुंबई जमीन सुधारणा योजना कायद्याने शेतांवर समपातळी बांध घालायला सरकारी आधार मिळाला. मृदसंधारण हा शब्द खेड्यापाड्यांत पोचला तो त्या काळापासून. मात्र हे सगळं शेतीखात्याचं काम ठरलं. जमीन बिगरशेती झाली की तिची माती त्या खात्याच्या हिशेबातून बाहेर. नगरपालिका गटार बघणार, पण रस्त्याच्या कडेचं. प्लॉटच्या आतली, दोन पावसाळे उघडी पडलेली माती कुणाच्याच टेबलावर येत नाही.

पाण्याचा हिशेब करायची रीत मात्र फार जुनी आणि सोपी आहे. थॉमस मुलवनी या आयरिश अभियंत्याने १८५१ मध्ये ती कल्पना मांडली, आणि १८८९ मध्ये एमिल क्विखलिंगने अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहराच्या गटारांसाठी ती वापरात आणली. पावसाचा जोर गुणिले क्षेत्र गुणिले एक गुणांक. पडलेल्यातला किती भाग वाहून जातो ते हा गुणांक सांगतो. आपल्या मापात करून पाहू. तासाला ५० मिलिमीटरच्या जोराने एक एकरावर तासभर पाऊस पडला तर सुमारे दोन लाख लिटर पाणी पडतं, म्हणजे दहा हजार लिटरचे वीस टँकर. शेत असेल तर गुणांक ०.३ च्या आसपास धरतात; बांधाशी सेकंदाला सतराएक लिटर येतात. सगळं काँक्रीट आणि स्लॅब असेल तर ०.९, म्हणजे सेकंदाला पन्नास लिटर. एकर तोच, ढग तोच. आणि मधल्या दोन वर्षांत, साईट चालू असताना, पाणी या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी असतं, वर माती घेऊन.

मातीचा हिशेब असाच १८५१ मध्ये छापला गेला, आणि गंमत म्हणजे तोही जन्माने आयरिश असलेल्या माणसाने: जॉर्ज स्टोक्स. पाण्यात कण किती वेगाने खाली बसतो याचं सूत्र त्याचं. रेती काही सेकंदांत तळाला जाते. पण दोन मायक्रॉनचा चिकण मातीचा कण स्थिर पाण्यात एक मीटर खाली जायला तीन दिवसांहून जास्त घेतो. खानापूरची कौलं, विटा आणि मडकी ज्या बारीक मातीमुळे नावाजली ती हीच जात. कुंभाराला जी गुणाची, ती साईटवरच्या खड्ड्यात काही केल्या बसत नाही. कोपऱ्यात एक खड्डा काढून 'गाळ बसेल त्यात' असं म्हणणाऱ्याला रेती मिळते. लाल पाणी तसंच पुढे जातं. म्हणून पहिलं काम माती सुटूच न देणं. लागेल तेवढाच तुकडा सोलायचा, बाकीवर गवत ठेवायचं. वरून येणारं पाणी साईटमध्ये शिरायच्या आधीच चर काढून कडेने वळवायचं. उताराला आडवी, रेती भरलेल्या पोत्यांची ओळ लावायची. तिने पाणी अडत नाही, पण त्याचा पळ मोडतो. सोललेली वरची काळपट माती वेगळी रचून झाकून ठेवायची. यातल्या एकाही कामाला मोठं मशीन लागत नाही. लागतो तो पहिल्या आठवड्यातला एक दिवस.

बांधकामाच्या मातीला कायद्यात वेगळं नाव मिळालं ते अमेरिकेत. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या गॉर्डन वोलमनने १९६७ मध्ये दाखवलं की जंगलाची शेती झाली की ओढ्यात गाळ वाढतो, शहर वसून झाल्यावर तो उतरतो, पण मधल्या बांधकामाच्या काही वर्षांत त्याचा सुळका आभाळाला जातो. मेरीलँड राज्याने १९७० मध्ये राज्यभर गाळ-नियंत्रण सुरू केलं. पुढे अमेरिकेच्या केंद्रीय नियमांत १९९० मध्ये पाच एकर आणि त्यावरच्या साईट आल्या, १९९९ मध्ये मर्यादा एका एकरावर आली.

आपल्याकडे जाग आली ती पुराने. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला दिवसभरात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची शहरी पुरावरची मार्गदर्शक तत्त्वं २०१० मध्ये आली, आणि पावसाळी गटारांची केंद्राची स्वतंत्र नियमपुस्तिका थेट २०१९ मध्ये. मध्ये सप्टेंबर २००६ ची पर्यावरण परिणाम अधिसूचना आहे. तिच्याखाली बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते, पण २०,००० चौरस मीटर आणि त्याहून जास्त बांधीव क्षेत्र असेल तरच. बेळगावात अशी कामं बोटांवर मोजण्याइतकी. आमचा सगळा पसारा वीस-तीस गुंठ्यांचा आणि दोन-तीन एकरांचा.

२०१६ च्या जानेवारीत स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत बेळगाव आलं आणि रस्ते-गटारं नव्याने खणली गेली. फलकावर कन्नडमध्ये 'चरंडी', आमच्या तोंडी गटार, खड्डा दोघांचा एकच. ऑगस्ट २०१९ मध्ये शहरातल्या वस्त्यांत पाणी भरलं. बळ्ळारी नाल्याकाठची शहापूर, वडगाव, येळ्ळूरकडची भातशेती तर जोराचा पाऊस झाला की पाण्याखाली जाते. नाल्यातला गाळ आणि जलपर्णी काढा ही तिथल्या शेतकऱ्यांची दर उन्हाळ्यातली मागणी. हलगा-मच्छे बायपासला त्यांनी कोर्टात आणि शेतात वर्षानुवर्षं विरोध केला, त्यात पिकाऊ जमीन जाण्याचा मुद्दा सगळ्यांत मोठा होता. पण सपाट भातशेतीत आडवा भराव पडला की मोऱ्या किती आणि कुठे, यावर वरच्या अंगाचं पीक ठरतं हेही त्यांना कुणी शिकवायला नको. नाल्याच्या गाळाबद्दल बोलताना प्लास्टिकचं नाव निघतं, जलपर्णीचं निघतं. वरच्या अंगाला सोललेल्या माळांचं फारसं निघत नाही. पोकलेन नाल्यात उतरवायला दर वर्षी निधी लागतो, आणि ती माती मुळात कुठली हे त्या बिलात लिहायला रकाना नसतो.

आमच्या त्या साईटवर पुढे काय झालं तर, तिसऱ्या दिवशी सकाळी खालच्या शेताचे मालक आले. साठी ओलांडलेले, डोक्याला टॉवेल. मी म्हटलं, "मामा, गाळ काढायला उद्या माणसं पाठवतो." ते काही बोलले नाहीत. खोरं आणि बुट्टी घेऊन त्यांनी आणि मामींनी पापडी सुटी करायला घेतली, आणि एकेक बुट्टी आणून बांधावरून आमच्या हद्दीत ओतत राहिले. दुपारपर्यंत बांधाच्या आमच्या बाजूला गुडघाभर उंचीची वरंब उभी राहिली. संध्याकाळी परत वळीव आला तेव्हा साईटवरचं पाणी तिच्या मागेच तुंबलं, आणि आमच्या सिमेंटच्या शेडमध्ये शिरलं.