बांध न मानणारे कुल: सूर्यफूल आणि त्याच्या भाऊबंदांचा इतिहास

सूर्यफुलाला आपण फूल म्हणतो खरे, पण ते एक फूल नव्हे. कडेची प्रत्येक पिवळी पाकळी हेच एक अख्खे फूल असते, आणि मधल्या चकतीत अशी हजार-दीड हजार बारीक फुले दाटीवाटीने बसलेली असतात. वनस्पतिशास्त्रात या बारक्या फुलाला पुष्पक म्हणतात आणि त्यांच्या एकत्र मांडणीला स्तबक. शेवंती, झेंडू, करडई, कारळे, माका, एकदांडी, गाजर गवत या सगळ्यांची ठेवण हीच. हे सगळे सूर्यफुलाच्याच कुलातले (ॲस्टरेसी), आणि सपुष्प वनस्पतींच्या दर दहा जातींमागे जवळपास एक जाती या कुलातली असते. जातींची संख्या २५ हजारांच्या पुढे जाते. काही अभ्यासक ती ३२ हजारांवर नेतात.

उमलत असलेले सूर्यफूल भिंगातून पाहावे. चकतीची बाहेरची वर्तुळे आधी उमलतात आणि मग रोज थोडी थोडी आतली. प्रत्येक पुष्पकात परागकोश एकमेकांना चिकटून त्यांची नळी झालेली असते. त्या नळीतून मधला दांडा वर सरकतो आणि परागकण बाहेर ढकलतो. त्या वेळी पुष्पक नराची भूमिका करत असते. त्यानंतर दांड्याचे टोक दुभंगते, दोन्ही फाटे बाहेर वळतात आणि तेच पुष्पक मादीच्या अवस्थेत येते. त्यामुळे एकाच स्तबकात बाहेरचे वर्तुळ मादीचे, त्याच्या आतले नराचे आणि अगदी मधल्या कळ्या अजून मिटलेल्या, असे एकाच वेळी दिसते. कडेच्या पिवळ्या पुष्पकांना बी धरत नाही. त्यांचे काम कीटकांना बोलावण्याचे. एकदा येऊन बसलेली मधमाशी शेकडो फुलांचे परागण उरकून जाते. या कुलाच्या यशाचे निम्मे श्रेय तरी मी या मांडणीला देईन.

उरलेले निम्मे श्रेय त्याच्या स्वभावाला. या कुलाचा इतिहास वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते: इथे रानटी आणि लागवडीतले असे दोन कप्पे फार काळ टिकत नाहीत. शेतातले पीक तणातून आले, पुढे त्या पिकाला वाचवायला पुन्हा तणच लागले, आणि बागेतून निसटलेल्या भाजीने रानात नवी जाती जन्माला घातली.

कुल म्हणून या वनस्पतींची ओळख पटायला मात्र बराच काळ गेला. फ्रान्सच्या सेबास्तियाँ वैयाँने १७१८ पासून त्यांचे गट पाडायला सुरुवात केली. पुढच्या शतकात आंरी कासिनीने एकेक पुष्पक सूक्ष्मदर्शकाखाली उलगडून जी विभागणी केली, तिचा मोठा भाग आजही टिकून आहे. १८३२ मध्ये पटकीच्या साथीत तो गेला.

हे कुल मुळात कुठले, याचे उत्तर १९८७ मध्ये अनपेक्षित ठिकाणी सापडले. रॉबर्ट जॅन्सन आणि जेफ्री पामर पेशीतल्या हरितलवकांचा डीएनए तपासत होते. कुलातल्या बहुतेक सगळ्या वनस्पतींत या डीएनएचा सुमारे २२ हजार अक्षरांचा एक तुकडा उलटा बसलेला दिसला. तो सरळ होता तो फक्त दक्षिण अमेरिकेत वाढणाऱ्या बार्नाडेसिया आणि तिच्या जवळच्या काटेरी झुडपांत. म्हणजे कुलवृक्षाची सर्वांत जुनी फांदी ही, आणि तुकडा उलटला तो बाकीच्यांच्या सामाईक पूर्वजात. पुढे २०१० मध्ये अर्जेंटिनाच्या पॅटागोनियात सुमारे पावणेपाच कोटी वर्षांपूर्वीच्या खडकात स्तबकाचा जीवाश्म मिळाला. अंटार्क्टिकातल्या साडेसहा कोटी वर्षांहून जुन्या थरांतले काही परागकणही याच कुलाचे मानले गेले आहेत. आज रानटी अवस्थेत हे कुल नाही असा खंड एकच, तो म्हणजे अंटार्क्टिका.

दक्षिणेतून निघालेले हे कुल जगभर पसरले. अनेक जातींच्या फळांना केसाळ तुरा असतो. वारा आला की फळे उडतात. कित्येक जाती मुळांत पिष्टाऐवजी इन्युलिन नावाची शर्करा साठवतात, आणि दुष्काळात किंवा कडाक्याच्या थंडीत तग धरायला ती कामी येते. हवाई बेटांवर जे घडले ते तर थक्क करणारे आहे. कॅलिफोर्नियातल्या चिकट पानांच्या एका साध्या वनस्पतीचा वंश समुद्र ओलांडून तिथे पोहोचला आणि त्यातून तीसेक जाती झाल्या. कुणी वेल, कुणी झुडूप, कुणी छोटा वृक्ष, तर कुणी ज्वालामुखीच्या उतारावर अनेक वर्षे वाढून, एकदाच फुलून मरणारी रुपेरी पात्यांची रोपे. दिसायला इतक्या वेगळ्या असलेल्या या जातींचा आजही आपसांत संकर होऊ शकतो.

सूर्यफुलाची गोष्ट उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात सुरू होते. रानटी सूर्यफूल एका दांड्याचे नसते. त्याला ढीगभर फांद्या फुटतात, प्रत्येकीवर लहान फूल येते, आणि बी पिकले की गळून पडते. उकरलेली जमीन त्याला मानवते, म्हणून ते माणसांच्या वस्तीजवळ आपसूक उगवत असणार. टेनेसीमधल्या एका उत्खननात साडेचार हजार वर्षांहून जुन्या, रानटी बियांपेक्षा मोठ्या बिया मिळाल्या आहेत. तिथल्या मूळ रहिवाशांनी पिढ्यानपिढ्या मोठे बी आणि एकच फूल धरणारी रोपे निवडली. आपण पाहतो ते टोकाला जड डोके असलेले सूर्यफूल ही त्यांची देणगी आहे, आणि ते श्रेय त्यांना फार क्वचित दिले जाते.

त्याच लोकांनी याच कुलातले आणखी एक पीक घेतले होते. त्याचे नाव आयव्हा. दलदलीच्या काठी वाढणाऱ्या या वनस्पतीचे बी तेलकट असते. चार हजार वर्षांपूर्वीपासून तिची लागवड होत होती आणि निवडीने बी रानटी बियांच्या कित्येक पट मोठे झाले होते. युरोपीय लोक तिथे स्थिरावेपर्यंत ते पीक संपले. रानटी आयव्हा अजून उगवते, पण ते टपोरे वाण कायमचे गेले. उरले आहेत ते उत्खननात मिळालेले जळके दाणे. एकाच मातीतली, एकाच कुलातली दोन पिके, एक जगभर गेले आणि दुसऱ्याची आठवणही राहिली नाही. मला ही हानी एखादी भाषा नाहीशी होण्याइतकीच मोठी वाटते.

सोळाव्या शतकात सूर्यफूल युरोपात आले ते शोभेचे फूल म्हणून. १७१६ मध्ये इंग्लंडमध्ये त्याच्या बियांपासून तेल काढण्याचे पेटंट घेतले गेले, पण त्यातून पुढे फारसे काही उभे राहिले नाही. खरे रूपांतर रशियात झाले. १८२९ मध्ये अलेक्सेयेव्का गावातल्या दानिल बोकारेव्ह या भूदासाने बिया दाबून तेल काढले, आणि चारच वर्षांत तिथे तेलाचा घाणा उभा राहिला. विसाव्या शतकात कुबान प्रांतात वसिली पुस्तोवोइत यांनी आयुष्यभर एकच काम केले: जास्त तेलाची रोपे निवडायची, त्यांचे बी पुन्हा पेरायचे, पुन्हा निवडायची. तिशीच्या आसपास असलेले तेलाचे प्रमाण अशाने पन्नास टक्क्यांच्या पुढे गेले. ‘पेरेदोविक’ हे त्यांचे वाण १९६० च्या दशकात अमेरिकेत पोहोचले, म्हणजे सूर्यफूल आपल्या जन्मभूमीत परदेशी पीक होऊन परतले.

पुढची पायरी संकरित बियाण्याची होती, आणि इथे रान पुन्हा उपयोगी पडले. संकरित बी मोठ्या प्रमाणावर करायचे तर मादी म्हणून लावलेल्या रोपांत परागकण तयार होता कामा नयेत. हजारो पुष्पकांतले पुंकेसर हाताने काढणे अशक्य. फ्रान्सच्या पॅट्रिस लक्लेर यांनी पेटिओलॅरिस या रानटी जातीशी सूर्यफुलाचा संकर केला. त्यातून नरवंध्य रोपे मिळाली, आणि हे काम १९६९ मध्ये प्रसिद्ध झाले. पाठोपाठ १९७० मध्ये अमेरिकेत मरे किनमन यांनी ती प्रजननक्षमता परत आणणारे जनुक दाखवून दिले. त्यानंतर जगभर जे संकरित सूर्यफूल पेरले गेले, त्यातल्या बहुतेकांचा पेशीद्रव त्या एका रानटी झाडाकडून आलेला आहे. तांबेरा आणि केवडा रोगांना तोंड देणारी जनुकेही रानटी सूर्यफुलांतूनच घेतली गेली.

हेच दोन पालक, रानटी सूर्यफूल आणि पेटिओलॅरिस, निसर्गात माणसाच्या कितीतरी आधी एकत्र आले होते. लोरेन रीसबर्ग यांच्या संशोधनातून दिसले की अमेरिकेच्या वाळवंटात आणि खारट दलदलीत वाढणाऱ्या तीन स्वतंत्र जाती याच जोडीच्या संकरातून झाल्या. त्यांतली एक तर सरकत्या वाळूच्या टेकड्यांवर जगते, जिथे दोन्ही पालक टिकत नाहीत.

इतर पिकांची कथाही फार निराळी नाही. सॅलडमध्ये खाल्ले जाणारे लेट्यूस काटेरी, कडू चिकाच्या एका रानटी जातीतून आले. इजिप्तमध्ये चार हजार वर्षांपूर्वीच्या कोरीव कामात मिन देवापाशी त्याची उंच रोपे दिसतात. करडईच्या पाकळ्या त्याच इजिप्तमध्ये कापड रंगवायला आणि पार्थिवावरच्या फुलमाळांत वापरल्या जात. डेलिया मेक्सिकोतून माद्रिदच्या वनस्पती उद्यानात आली आणि १७९१ मध्ये कावानियेस यांनी तिला शास्त्रीय नाव दिले. शंभर वर्षांच्या आत तिचे असंख्य प्रकार झाले. बागकाम करणाऱ्यांना जी ‘दुहेरी’ फुले आवडतात, त्यांत मधली पुष्पके कडेच्या पुष्पकांसारखी लांब झालेली असतात. १८८८ मध्ये आर्ल इथे व्हॅन गॉगने रंगवलेल्या काही सूर्यफुलांत हा बदल स्पष्ट दिसतो, आणि २०१२ मध्ये त्यामागचे जनुक सापडले.

तण आणि पीक यांतले अंतर एका पिढीतही मिटू शकते. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला कझाकस्तानच्या डोंगरात एक सिंहपर्णी सापडली. तिच्या मुळांतल्या चिकात चांगल्या प्रतीचे रबर होते. दुसऱ्या महायुद्धात आशियातले रबर मिळेनासे झाल्यावर सोव्हिएत संघ, जर्मनी आणि अमेरिका या तिन्ही देशांनी तिची लागवड केली. अमेरिकेने त्याच वेळी मेक्सिकोकडच्या वाळवंटातल्या ग्वायुले या झुडपावरही मोठी रबर योजना उभारली. ग्वायुले आणि गाजर गवत एकाच प्रजातीतले, म्हणजे जवळच्या जातींच्या एकाच गटातले. एकाकडे रबराची आशा म्हणून पाहिले गेले, तर दुसऱ्याने त्वचेचे विकार आणि पडीक झालेली शेते दिली. चीनमध्ये रस्त्याकडेला वाढणारी आर्टेमिसिया ॲनुआ ही वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून तिचा रस तापावर घ्यावा असे चौथ्या शतकात गे होंग यांनी लिहून ठेवले होते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तू यूयू यांनी त्यावरून उष्णता टाळून अर्क काढला. आर्टेमिसिनिन हाती आले, हिवतापाचे उपचार बदलले आणि २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

उलट दिशेचा प्रवास मला सर्वांत विलक्षण वाटतो. ट्रॅगोपोगॉन ही युरोपातली प्रजाती. तिची जांभळ्या फुलांची एक जाती कंदमुळासाठी परसात लावत. लिनिअसने या जांभळ्या जातीचा एका पिवळ्या जातीशी संकर केला आणि वनस्पतींनाही लिंग असते याचा पुरावा म्हणून १७६० मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीपुढे मांडला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रजातीतल्या तीन जाती अमेरिकेच्या वॉशिंग्टन आणि आयडाहो भागात पोहोचल्या आणि पडीक जागांत शेजारी शेजारी वाढू लागल्या. १९५० मध्ये मॅरियन ओनबी यांनी तिथे पूर्वी कुठेही नसलेल्या दोन नव्या जाती नोंदवल्या. पालकांत गुणसूत्रे १२, यांच्यात २४. संकर झाला, गुणसूत्रे दुप्पट झाली, आणि मुले पालकांशी न जुळणारी पण आपसांत सुपीक अशी निघाली. हे एकदाच नव्हे तर वेगवेगळ्या गावांत स्वतंत्रपणे घडले. पुलमन गावात यातल्या एका जातीची पुष्पके लांब आहेत आणि इतरत्र आखूड, कारण दोन्हीकडे आई वेगळी. ज्या युरोपात हे पालक हजारो वर्षे शेजारी आहेत, तिथे मात्र या जाती नाहीत.

ब्रिटनमध्ये असेच काहीसे झाले. सिसिलीतल्या एटना ज्वालामुखीवरच्या सेनेसिओ या याच कुलातल्या वनस्पतीची रोपे ऑक्सफर्डच्या उद्यानात लावली होती. ती अठराव्या शतकाच्या अखेरीस भिंतींवर दिसू लागली, आणि रेल्वे आल्यावर रुळांखालच्या खडीतून देशभर पसरली. ती खडी त्यांना लाव्ह्याच्या दगडांसारखीच मानवली. यॉर्कमध्ये तिचा तिथल्या एका साध्या तणाशी संकर होऊन नवी जाती झाली. १९७९ मध्ये ती लक्षात आली आणि तणनाशकांच्या फवाऱ्यांत काही वर्षांत संपलीही. तिचे बी मात्र कोणीतरी गोळा करून बीजपेढीत ठेवले होते. २०२३ मध्ये यॉर्कमध्ये ते पुन्हा पेरले गेले आणि उगवले.