टेक्सासची पन्नास गोळ्यांची परीक्षा

१६ ऑक्टोबर १९९१ रोजी टेक्सासमधल्या किलीन गावी एका माणसाने ल्यूबीज कॅफेटेरियात ट्रक घुसवून गोळीबार केला. २३ जण ठार झाले. पुढे आमदार झालेल्या सुझॅना हप तेव्हा आई-वडिलांसोबत तिथे जेवत होत्या. पर्सकडे हात गेला आणि आठवलं, रिव्हॉल्वर गाडीत राहिलंय. सोबत बाळगणं बेकायदा होतं, म्हणूनच ते तिथे ठेवलेलं. आई-वडील दोघेही गेले. हप यांनी नंतर जागोजागी साक्षी दिल्या. १९९३ साली गव्हर्नर अॅन रिचर्ड्स यांनी परवाना घेऊन पिस्तूल सोबत बाळगू देण्याविषयीचं विधेयक रोखलं, १९९५ साली त्यांच्यानंतरचे गव्हर्नर धाकटे बुश यांनी तशा विधेयकावर सही केली.

विरोधकांची धास्ती कमी करायला कायद्यात १० ते १५ तासांचं प्रशिक्षण आणि नेमबाजीची परीक्षा आली. ५० गोळ्या: ३ यार्डांवरून २०, ७ वरून २०, १५ वरून १०. ३ यार्ड म्हणजे अवघे नऊ फूट, बैठकीच्या खोलीतलं अंतर! एकूण गुण २५०, पास व्हायला १७५. माणसाच्या आकृतीवरच्या 'सात' आकड्याच्या रिंगणात, म्हणजे मधल्या भागाच्या बाहेर, गोळीमागे चार गुण; सगळ्या गोळ्या तिथे लागल्या तरी २०० गुण होतात. होल्स्टरमधून पिस्तूल उपसून दाखवण्याची अट मात्र नाही. आपल्याकडे आरटीओत आठ काढून लायसन्स मिळतं, पण पुण्याच्या रहदारीचा सराव त्यातून होत नाही, तसंच हे.

हे उपसणं कसाला लावलं ते जेफ कूपर यांच्यासारख्या खासगी प्रशिक्षकांनी. त्यांची 'एल प्रेसिडेंटे' कसरत अशी: तीन लक्ष्यांकडे पाठ करून उभं राहायचं, वळून पिस्तूल उपसायचं, प्रत्येकावर दोन गोळ्या, मॅगझिन बदलून पुन्हा दोन-दोन. हे सगळं दहा सेकंदांत जमलं तर उत्तम. सरकारी परीक्षा या वाटेला गेली नाही, आणि माझ्या मते ते साहजिकच होतं. तिला नेमबाज घडवायचे नव्हते, परवान्याला आमदारांची मतं मिळवून द्यायची होती.

ते काम झाल्यावर अटी सैल होत गेल्या. २०१३ साली प्रशिक्षण चार ते सहा तासांवर आलं. १ सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासमध्ये बहुतेक प्रौढांना पिस्तूल बाळगायला परवानाच लागत नाही. उलट न्यूयॉर्कचा १९१३ पासूनचा 'पिस्तूल बाळगायला सबळ कारण दाखवा' हा नियम सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये रद्द केला, तेव्हा त्या राज्याने १६ तासांचा वर्ग आणि दोन तासांचा प्रत्यक्ष गोळीबार सक्तीचा केला.

टेक्सासची परीक्षा आजही होते. परवाना ऐच्छिक आहे, तरी लोक तो काढतात. इतर काही राज्यांत तो चालतो.