एर्बियमचा गजबजलेला बँड

जुन्या रेडिओचा कान पिळत स्टेशन शोधलेल्यांना मीडियम वेव्हवरची रात्रीची गर्दी आठवत असेल. दिवसा चार-दोन स्टेशनं सुटी सुटी लागायची. रात्री मात्र बोटभर जागेत खरखर, नाट्यगीत आणि कुठल्याशा परक्या भाषेतल्या बातम्या एकमेकांना खेटून बसलेल्या असायच्या. अतिशीत अणूंवर काम करणाऱ्यांच्या वाट्यालाही, एर्बियम नावाच्या धातूत, असाच एक बँड आला. तिथे कान पिळायचा तो चुंबकीय क्षेत्राचा, आणि स्टेशन लागलं की बदलते ती अणूंची एकमेकांवर आदळायची रीत.

खोलीतल्या हवेचे रेणू सेकंदाला शेकडो मीटर वेगाने धावत असतात. वायू निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे सर्वांत खालच्या तापमानाच्या, इतका जवळ नेला, की अंतर अंशाच्या काहीशे अब्जांश भागाएवढंच उरावं, तर अणू मुंगीच्या चालीवर येतात. मग त्यांच्याकडे गोट्या म्हणून पाहून भागत नाही. ते पसरट लाटांसारखे वागतात. अशा दोन लाटांच्या टकरीचा बराचसा हिशेब एकाच संख्येत मावतो. तिला स्कॅटरिंग लेंग्थ म्हणतात. ती धन असेल तर अणू एकमेकांना दूर सारतात, ऋण असेल तर ओढतात.

ही संख्या बाहेरून बदलता येते, हीच मोठी गंमत आहे. समोरासमोर आलेले दोन अणू सुटे असतात. पण त्यांच्या अंगचे चिमुकले चुंबक वेगळ्या मांडणीत असते, तर त्याच दोघांचा रेणू होऊ शकला असता. सुट्या जोडीची ऊर्जा आणि त्या संभाव्य रेणूची ऊर्जा, दोन्ही चुंबकीय क्षेत्रानुसार सरकतात, पण सारख्या प्रमाणात नाही. एखाद्या नेमक्या क्षेत्राला त्या जुळतात. तिथे जोडी घटकाभर रेणू होऊन पाहते आणि पुन्हा सुटते. एवढ्या उंबऱ्यावरच्या घोटाळण्याने टक्कर पार बदलून जाते. याला फेशबाख अनुनाद म्हणतात. हर्मन फेशबाख यांनी 1958 मध्ये हे गणित मांडलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे अणुकेंद्रातल्या अभिक्रिया होत्या. थंड वायूंशी त्याचा काही संबंध नव्हता. सोडियमच्या अतिशीत वायूत हा अनुनाद दिसला तो 1998 मध्ये, एमआयटीत वोल्फगांग केटर्ले यांच्या गटाला, सुमारे 907 गॉसला (गॉस हे चुंबकीय क्षेत्राचं एकक). पृथ्वीचं क्षेत्र अर्ध्या गॉसच्या आसपास असतं.

सोडियम, रुबिडियम हे त्या मानाने सरळ गडी. बाहेरच्या कवचात एकच इलेक्ट्रॉन, त्यामुळे स्टेशनं मोजकी आणि एकमेकांपासून लांब. एर्बियमचं तसं नाही. त्याचं चुंबकत्व रुबिडियमच्या सातपट, त्याच्याच जातीच्या डिस्प्रोशियम धातूचं तर दहापट. शिवाय आतलं एक कवच अर्धवट भरलेलं, म्हणून दोन अणू कोणत्या अंगाने जवळ येतात यावर त्यांच्यातलं बल ठरतं. एर्बियमच्या अणुचुंबकाला क्षेत्राच्या संदर्भात 13 स्थिती घेता येतात, म्हणजे दोघांच्या मिळून 169. त्यात जोडीच्या गरगर फिरण्याचे प्रकार मिसळले की रेणू बनण्याच्या वाटांची झुंबड उडते.

ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकमध्ये फ्रान्चेस्का फेर्लाइनो यांच्या गटाने हा बँड चिकाटीने चाळला. क्षेत्र किंचित वाढवायचं, थोडं थांबायचं, उरलेले अणू मोजायचे. अनुनादापाशी तीन-तीन अणूंच्या टकरी वाढतात आणि अणू त्यांना धरून ठेवणाऱ्या सापळ्यातून निसटतात, म्हणून जिथे संख्या घसरली तिथे स्टेशन. 0 ते 70 गॉसमध्ये अशी सुमारे 190 सापडली. 2014 मध्ये ही मोजणी प्रसिद्ध झाली.

आता एकेका स्टेशनाचा, म्हणजे मोजणीतल्या एकेका रेषेचा, जन्म कुठल्या रेणूतून झाला हे सांगत बसणं शक्यच नव्हतं. मग त्यांनी रेषांमधली अंतरं पाहिली. अंदाधुंद पडलेल्या पावसाच्या थेंबांमध्ये कैक थेंब अगदी लगटून पडतात. एर्बियमच्या रेषा मात्र एकमेकींना टाळत होत्या. हा नमुना यूजीन विग्नर यांनी 1950 च्या दशकात जड अणुकेंद्रांसाठी सुचवलेल्या नमुन्यासारखा निघाला, आणि तो क्वांटम केऑसची, म्हणजे अणूंच्या जगातल्या गोंधळाची, खूण मानला जातो. मेक्सिकोतल्या क्वेर्नावाका शहराच्या बसगाड्यांतही तशाच जातीचा नमुना आढळला होता. तिथले चालक पुढची बस कधी गेली याची खबर ठेवायचे आणि त्या हिशेबाने अंतर राखायचे. मला स्वतःला यातली सर्वांत चविष्ट गोष्ट वाटते ती ही, की अणुकेंद्राच्या अभ्यासातून अनुनादाचं हे बटण उसनं आणलं आणि त्याच्या मागोमाग तिथला गोंधळही आला.

गोंधळ असला तरी बटण चालतं. चुंबकीय अणू टोकाला टोक लावून ओढले जातात, शेजारी-शेजारी ठेवले तर ढकलले जातात, आणि हे बल दूरवर पोहोचतं. नेहमीची, अगदी जवळून होणारी ढकलाढकली फेशबाख अनुनादाने कमी करत नेली, की हे चुंबकीय बल वरचढ होतं. जर्मनीतल्या श्टुटगार्टमध्ये टिल्मान फाऊ यांच्या गटाने 2008 मध्ये क्रोमियमच्या बाबतीत हे केलं, तेव्हा वायू कोसळला आणि उसळताना चार पाकळ्यांच्या फुलासारखा दिसला. 2016 मध्ये डिस्प्रोशियमचा वायू फुटून त्याचे थेंब नियमित नक्षीत मांडले गेले. 2019 मध्ये पिसा, श्टुटगार्ट आणि इन्सब्रुक इथे डिस्प्रोशियम व एर्बियमपासून सुपरसॉलिड तयार झालं, म्हणजे स्फटिकासारखी रांग धरूनही घर्षणाविना वाहू शकणारा पदार्थ. त्यासाठी बटण कुठल्या स्टेशनावर ठेवून चालत नाही, कारण तिथे अणू भराभर संपतात. दोन स्टेशनांमधल्या एखाद्या शांत फटीत क्षेत्र नेऊन ठेवायचं आणि गॉसच्या हजाराव्या भागाइतकंही ते हलू द्यायचं नाही.