मुलांचं मानसिक आरोग्य : अमेरिकेतल्या पालकांच्या लढ्याची पार्श्वभूमी

अमेरिकेत मुलांच्या मानसिक आरोग्याच्या कोणत्याही सरकारी योजनेत आज पालकांना मानाचं पान असतं. पूर्वी याच व्यवस्थेच्या लेखी पालक हे आजाराचं मूळ होते. १९४८ मध्ये मनोविश्लेषक फ्रीडा फ्रॉम-राइखमन यांनी मुलाच्या स्किझोफ्रेनियाला आई कारणीभूत असल्याची मांडणी केली. पुढे मानसशास्त्रावर लिहिणारे ब्रूनो बेटेलहाइम यांनी स्वमग्नतेचं खापर आईच्या थंडपणावर फोडलं. मूळच घरात म्हटल्यावर मुलाला घरापासून तोडणं हाच उपचार ठरणार, यात नवल नाही.

१९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींनी सही केलेल्या कायद्याने मोठी मनोरुग्णालयं रिकामी करून वस्तीतच उपचारकेंद्रं उभारण्याची दिशा घेतली. पण तिथेही विचार मुख्यतः प्रौढांचाच झाला. १९८२ मध्ये चिल्ड्रन्स डिफेन्स फंड या मुलांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेसाठी जेन निट्झर यांनी ‘अनक्लेम्ड चिल्ड्रन’ हा अहवाल लिहिला, तेव्हा चित्र स्पष्ट झालं. गंभीर भावनिक त्रास असलेल्या सुमारे ३० लाख मुलांपैकी दोन तृतीयांश मुलांपर्यंत हवी ती मदत पोचतच नव्हती. शाळा, बालकल्याण, बालन्यायालय आणि आरोग्य खातं मूल एकमेकांकडे ढकलत होतं. अहवालाचा परिणाम मात्र झपाट्याने झाला. १९८४ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने राज्यांना ही खाती एकत्र आणण्यासाठी निधी देणारा कार्यक्रम सुरू केला आणि १९८६ मध्ये बेथ स्ट्राउल व रॉबर्ट फ्रीडमन यांनी ‘सिस्टिम ऑफ केअर’चा आराखडा मांडला. उपचार शक्यतो घराजवळ, मुलाच्या गरजेनुसार आणि पालकांना निर्णयात सामील करून, हे त्याचं सार. १९८९ मध्ये पालकांनी स्वतःचा राष्ट्रीय महासंघ उभा केला.

तत्त्व मान्य झालं, पण पैसा संस्थेतल्या खाटेला बांधलेलाच राहिला, आणि माझ्या मते खरी लढाई तिथेच होती. याचं गाजलेलं उदाहरण मानसिक आजाराचं नाही. आयोवातली केटी बेकेट ही लहान मुलगी व्हेंटिलेटरवर होती. ती रुग्णालयात असेपर्यंत मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीचा सरकारी आरोग्यविमा, खर्च उचलत होतं. घरी नेलं की आईवडिलांचं उत्पन्न मोजलं जाणार आणि मदत थांबणार. घरची शुश्रूषा कितीतरी स्वस्त असूनही! १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी पत्रकार परिषदेत यावर बोट ठेवलं, तिच्यासाठी अपवाद झाला आणि पुढच्या वर्षी कायद्यात तशी सोय आली. पण हा पर्याय घ्यायचा की नाही, हे राज्यांवर सोडलं होतं.

मानसिक आजार असलेल्या मुलांच्या घरी हाच पेच आणखी क्रूर होता. खासगी विम्यात मिळणारे उपचाराचे दिवस संपलेले, मेडिकेडसाठी उत्पन्न जास्त, निवासी केंद्राचा खर्च आवाक्याबाहेर. मग पालकांना सांगितलं जाई, मुलाचा ताबा राज्याकडे द्या, म्हणजे उपचार मिळतील. २००३ च्या एका सरकारी अहवालानुसार, माहिती देणाऱ्या १९ राज्यांत आणि ३० काउंटींत (जिल्ह्यांत) मिळून २००१ या आर्थिक वर्षात १२,७०० हून अधिक मुलं केवळ मानसिक आरोग्यसेवा मिळावी म्हणून बालकल्याण किंवा बालन्याय यंत्रणेच्या हवाली झाली होती. अनेक राज्यांनी आकडेच दिले नव्हते, तेव्हा खरी संख्या यापेक्षा मोठीच.

इथून पालक कोर्टात गेले. मेडिकेडच्या कक्षेतल्या २१ वर्षांखालील मुलांना वैद्यकीयदृष्ट्या गरजेचे उपचार मिळालेच पाहिजेत, हे कलम जुनंच होतं. मॅसॅच्युसेट्समधल्या ‘रोझी डी.’ खटल्यात २००६ मध्ये न्यायालयाने त्याचा अर्थ घरी जाऊन द्यायच्या सेवांपर्यंत नेला. कॅलिफोर्नियात २००२ मध्ये दाखल झालेल्या ‘केटी ए.’ खटल्यात २०११ मध्ये अशाच सेवांबाबत तडजोड झाली.

दरम्यान मिलवॉकीमध्ये १९९० च्या दशकात वेगवेगळ्या खात्यांचा पैसा एका थैलीत घालून प्रत्येक मुलाभोवती स्वतंत्र आराखडा आखण्याचा प्रयोग झाला आणि निवासी केंद्रांत राहणाऱ्या मुलांची संख्या बरीच घटली. २०१३ मध्ये केंद्रीय यंत्रणांनी राज्यांना पाठवलेल्या पत्रकात मेडिकेडमधून देता येण्याजोग्या सेवांत ‘पालकांनी पालकांना दिलेला आधार’ही नोंदवला. म्हणजे ज्या आईला कधीकाळी आजाराचं कारण मानलं गेलं, तिच्या अनुभवाचं आता बिल लावता येतं. दर आणि पात्रता मात्र राज्यागणिक बदलतात.