डाय-पॉलिश, घरगुती

धातूला आकार देणाऱ्या डायचा आतला, म्हणजे पत्रा किंवा तार ज्याला घासून सरकते तो पृष्ठभाग, हातसाधनांनी घोटून गुळगुळीत करण्याचे काम. तार ओढण्याच्या, नळीचा व्यास उतरवण्याच्या आणि पत्र्याची वाटी ओढण्याच्या लहान डाय घरामागच्या शेडमध्ये, व्हाइस आणि ड्रिल मशीनच्या बळावर पॉलिश करता येतात. मोठ्या फोर्जिंग डाय या नोंदीत धरलेल्या नाहीत.

सांगली आणि सातारा या दोन्ही जिल्ह्यांत लोखंडकामाची जुनी घडी आहे. पलूस तालुक्यातल्या किर्लोस्करवाडीत 1910 पासून कारखाना आहे, साताऱ्यात कूपरचा कारखाना आहे. कुपवाड, मिरज आणि सातारा इथल्या एमआयडीसींत प्रेसकामाची लहान युनिटे आहेत. सांगलीच्या सराफ कट्ट्यावर ज्या जंतरपट्टीतून (लहान होत जाणाऱ्या भोकांच्या पोलादी पट्टीतून) सोन्याचांदीची तार ओढतात, तीही एक डायच. तिच्या भोकात चरा पडला की तो तारेवर पहिल्या इंचापासून शेवटच्या इंचापर्यंत उमटतो.

डायचे पोट खरखरीत असले की घर्षण वाढते, वंगणाचा थर तुटतो आणि धातू डायला चिकटू लागतो. स्टेनलेस स्टील आणि ॲल्युमिनियम यात फार वाईट. चिकटलेला कण दाबाखाली कडक होतो आणि पुढच्या प्रत्येक नगावर ओरखडा काढतो. असा चिकटा आधी बारीक ऑइल स्टोनने (तेल लावून घासण्याच्या दगडाने) उतरवायचा, मग पॉलिश. त्याच्यावरूनच एमरी पेपर (घासण्याचा खरखरीत कागद) फिरवला तर आजूबाजूचे पोलाद झिजते आणि चिकटा उंच राहतो. ॲल्युमिनियमचा चिकटा कॉस्टिक सोड्यात विरघळतो हे खरे, पण त्यातून हायड्रोजन निघतो आणि द्रावण डोळ्यांत उडाले तर दृष्टी जाऊ शकते. स्वयंपाकघराला लागून असलेल्या शेडमध्ये हा उद्योग करू नये.

बहुतेक डाय ओएचएनएस (तेलात कडक होणारे) किंवा एचसीएचसीआर (जास्त कार्बन, जास्त क्रोमियमचे) पोलादाच्या असतात. डी-2 जातीच्या एचसीएचसीआरमध्ये सुमारे 12 टक्के क्रोमियम असते आणि कडक केल्यावर ती साधारण 58 ते 62 रॉकवेल सी (कडकपणाचे माप) भरते. म्हणून पॉलिश नेहमी हार्डनिंगनंतर. आधी केलेले पॉलिश भट्टीतल्या पापुद्र्याखाली जाते. स्पार्क मशीनवर (विजेच्या ठिणग्यांनी धातू खाणाऱ्या यंत्रावर) खोदलेल्या डायमध्ये वितळून पुन्हा गोठलेला ठिसूळ थर राहतो. त्यात सूक्ष्म तडे असतात, त्यामुळे तो स्टोनने पूर्ण काढल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

गोल भोकासाठी मुख्य साधन म्हणजे लॅप, म्हणजे पेस्ट लावून भोकात फिरवायची घोटणी. लॅप डायपेक्षा मऊ हवा, हा या कामाचा पाया आहे. हिऱ्याचा कण मऊ धातूत रुतून बसतो आणि समोरच्या कडक पोलादाला कापतो. लॅप कडक असेल तर कण घरंगळतो किंवा लॅपच झिजतो. सुरुवातीला बिडाचा, मग पितळ किंवा तांब्याचा, शेवटी लाकडाचा किंवा नमद्याचा (दाबलेल्या लोकरीचा) लॅप घेतात. पितळी नळीला उभी चीर देऊन आत निमुळती दांडी ठोकली की लॅप हवा तेवढा फुगवता येतो. बाजारातल्या साध्या लॅपपेक्षा घरी बनवलेला हा लॅप चांगला, कारण भोक मोठे होत जाते तसा तोही वाढवता येतो.

डायमंड पेस्टचा (हिऱ्याच्या कणांच्या लेपाचा) क्रम साधारण 45, 15, 6, 3 आणि 1 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) असा उतरतो. प्रत्येक टप्प्याला लॅप वेगळा. टप्पा बदलताना डाय रॉकेलने धुऊन कोऱ्या कापडाने पुसायची, हातही धुवायचे. 15 मायक्रॉनचा एक कण 3 मायक्रॉनच्या लॅपवर गेला तर तासाभराची मेहनत पाण्यात. दर टप्प्याला घासण्याची दिशा तिरकी बदलतात, म्हणजे मागचे ओरखडे उरलेत की गेले ते भिंगातून लगेच कळते. ऑटो स्पेअर पार्टच्या दुकानात मिळणारी व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट पहिल्या खरखरीत टप्प्यापुरती चालते, पुढे नाही. पितळेची भांडी उजळण्याचे मेटल पॉलिश तर निव्वळ चकाकी देते. चरा तिथेच राहतो, फक्त चकाकतो.

सर्वांत जास्त डाय बिघडतात त्या लेथवर. डाय चकमध्ये फिरवून आत एमरी पेपर धरणे सोपे, शिवाय आरशासारखे दिसतेही. पण त्यातून उरणारे ओरखडे गोल कड्यांसारखे, धातूच्या वाहण्याला आडवे असतात. पत्रा किंवा तार त्या प्रत्येक कड्यावर अडखळते आणि चिकटण्याला जागा मिळते. म्हणून लेथवर फिरवून घेतले तरी शेवटचे हात धातू ज्या दिशेने सरकतो त्याच दिशेने मारायचे: तारेच्या डायमध्ये अक्षाला समांतर, वाटीच्या डायमध्ये वरच्या सपाटीवरून गोलाईवरून खाली गळ्यात. दिसायला किंचित कमी चमकदार, पण उभ्या रेघांची डाय आडव्या रेघांच्या आरशापेक्षा जास्त चालते.

पॉलिश म्हणजे साइज वाढणे. भोक आतून ग्राइंड केल्यावर व्यासात 0.01 ते 0.02 मिमी इतकी जागा लॅपिंगसाठी राखून ठेवतात. ती राखली नसेल तर घोटण्याआधी मालकाला विचारलेले बरे. लॅप आखूड असला किंवा फार बाहेर येत राहिला तर भोकाची दोन्ही तोंडे रुंदावतात आणि मधला भाग तंग राहतो. लॅप भोकापेक्षा लांब घ्यावा, बाहेर थोडाच काढावा आणि दर थोड्या वेळाने प्लग गेजने (भोकाचे माप पाहण्याच्या दंडगोल मापकाने) दोन्ही बाजूंनी तपासावे. वाटीच्या डायची तोंडाची गोलाई पत्र्याच्या जाडीच्या साधारण 4 ते 10 पट ठेवतात. ती एका बाजूला जास्त खाल्ली गेली तर पत्रा त्या बाजूने सैल सरकतो, तिथे सुरकुत्या येतात आणि समोरच्या बाजूला फाटतो. बफच्या चाकाने हे पटकन होते. चाक कड पाहत नाही.

पेन्सिल ग्राइंडर (हातात धरायचा लहान ग्राइंडर) एका जागी दाबून धरू नये. निळसर डाग दिसला की तिथला कडकपणा उतरला असे समजावे. नमद्यावर जास्त दाब देऊन फार वेळ घोटले तर पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा उठतो. मग एक-दोन टप्पे मागे जाऊन स्टोन घ्यावा लागतो, दाब वाढवून काही होत नाही.

टंगस्टन कार्बाइडच्या डायला साधा एमरी पेपर काहीच करत नाही, तिथे हिराच लागतो. तारेच्या कार्बाइड डायमध्ये तार पहिल्यांदा टेकते त्या जागी झिजेचे कडे पडते. ते पुसण्यापुरते घोटून डाय पुढच्या मोठ्या मापाला वापरतात. कार्बाइडच्या धुळीत कोबाल्ट असतो आणि ती फुप्फुसांना कायमची इजा करू शकते, म्हणून हे काम ओलेच करावे आणि मास्क लावावा.

पॉलिश केलेल्या पोलादावर घामाच्या बोटाचा ठसाही गंजतो. सातारच्या पावसाळी महिन्यांत तर एका रात्रीत. डाय धुऊन, कोरडी करून, तेल लावून मेणकागदात गुंडाळतात आणि सांगलीच्या नदीकाठच्या भागात ती खालच्या फळीवर ठेवत नाहीत. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी शहरात शिरले होते. पुरात बुडालेल्या डायवरचा वरवरचा गंज पेस्टने जातो. पण गंजाने खड्डे पाडले असतील तर ते काढेपर्यंत भोक मापाबाहेर जाते. अशी डाय घोटण्यापेक्षा मोठ्या मापाला बोअर करून घेणे किंवा नवी करणे स्वस्त पडते.