किमान इन्स्टॉलेशन: काय वगळायचे, याचा इतिहास

विंडोज एक्सपीवर मराठी वाचण्यासाठी ज्यांनी खटपट केली, त्यांना एक खिडकी नक्की आठवत असेल. कंट्रोल पॅनेल, त्यात ‘रिजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स’, त्यात ‘लँग्वेजेस’चा टॅब, आणि तिथे ‘इन्स्टॉल फाइल्स फॉर कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ अशी सुरू होणारी लांबलचक ओळ. तिच्यापुढे टिक केली की एक्सपी बजावायचे, 10 एमबी किंवा अधिक जागा लागेल. मग ते सीडी मागायचे, आणि ती हमखास मशीन जोडून देणाऱ्याच्या दुकानात राहिलेली असायची. तोवर मराठीच्या जागी चौकोन, नाहीतर भलत्याच अक्षराला चिकटलेली वेलांटी. देवनागरी, थाई, अरबी, हिब्रू ही सगळी मंडळी 2001 साली ‘हवे असेल तर घ्या’ या यादीत होती.

ऑपरेटिंग सिस्टिम टाकताना काय घ्यायचे आणि काय सोडायचे, ही निवड त्याहून जुनी. सुरुवातीला कारण एकच होते, जागा. 1993 साली पॅट्रिक व्होल्कर्डिंग यांनी काढलेले स्लॅकवेअर लिनक्स फ्लॉप्यांवरून चढायचे आणि फ्लॉप्यांचे गट अक्षरांनी ओळखले जायचे. ‘ए’ म्हणजे पाया, ‘एन’ म्हणजे नेटवर्क, ‘एक्स’ म्हणजे खिडक्या आणि माउस, ‘वाय’ म्हणजे खेळ. ईमॅक्स या एका एडिटरला स्वतंत्र ‘ई’ गट होता, यावरून त्याच्या देहयष्टीची कल्पना यावी. खेळ नको असतील तर ‘वाय’च्या फ्लॉप्या करायच्याच नाहीत. किमान इन्स्टॉलेशन तेव्हा हातात मोजता यायचे. विंडोज 95 ने हीच निवड चार नावांत बसवली: टिपिकल, पोर्टेबल, कॉम्पॅक्ट आणि कस्टम. पोर्टेबल लॅपटॉपसाठी, कॉम्पॅक्ट डिस्क अपुरी असलेल्यांसाठी.

पुढे सीडी आली, हार्ड डिस्क वाढल्या आणि काटकसर मागे पडली. रेड हॅट लिनक्सच्या त्या काळच्या इन्स्टॉलरमध्ये पॅकेजांच्या (प्रोग्रॅमच्या गठ्ठ्यांच्या) यादीच्या शेवटी ‘एव्हरीथिंग’ असा पर्याय असे. आमच्यापैकी बहुतेकांनी तोच निवडला. अर्धे काय आहे ते कळत नव्हते, पण पुढे लागले तर पुन्हा सीडी शोधायला नको! (त्याच इन्स्टॉलरमधला ‘सर्व्हर’ हा पर्याय डिस्कवरची सगळी पार्टिशन्स पुसायचा, विंडोजचेसुद्धा. ते मॅन्युअलमध्ये लिहिलेले होते. मॅन्युअल कोण वाचतो?)

या ‘असू दे की’ वृत्तीची किंमत 2001 मध्ये वसूल झाली. जानेवारीत रामेन नावाचा वर्म (आपोआप पसरणारा घातक प्रोग्रॅम) रेड हॅट 6.2 आणि 7.0 च्या मशिन्सवर पसरला. त्याने वापरलेल्या फटी एफटीपी व एनएफएस या फाइल्सच्या देवाणघेवाणीच्या आणि छपाईच्या सेवांमधल्या होत्या, म्हणजे अनेकांनी कधीच न वापरलेल्या आणि तरीही इन्स्टॉलेशनबरोबर चालू झालेल्या. जुलैत कोड रेडची पाळी आली. 19 जुलैला 14 तासांच्या आत 3,59,000 हून अधिक मशिन्स त्याच्या तावडीत सापडली. विंडोज 2000 सर्व्हरबरोबर आपोआप येणाऱ्या आयआयएस या वेब सर्व्हरमधून तो शिरायचा. आपल्या मशीनवर वेब सर्व्हर चालू आहे, हे कित्येक मालकांना वर्म शिरल्यावर कळले.

जे नाही ते फुटत नाही, हे ओपनबीएसडी या सुरक्षिततेवर भर देणाऱ्या सिस्टिमचे लोक आधीपासून सांगत होते. त्यांचे प्रसिद्ध घोषवाक्यच मुळी ‘डिफॉल्ट इन्स्टॉल’मध्ये बाहेरून शिरता येईल अशी भोके किती, याबद्दलचे आहे. कोड रेडनंतर मायक्रोसॉफ्टलाही ते पटले. विंडोज सर्व्हर 2003 मध्ये आयआयएस आपोआप येणे बंद झाले आणि विंडोज सर्व्हर 2008 मध्ये ‘सर्व्हर कोअर’ हा पर्याय आला. तो माझ्या मते या सगळ्या प्रवासातला सर्वांत धीट प्रयोग. खिडक्यांच्या नावावर उभ्या राहिलेल्या सिस्टिमने खिडक्याच काढल्या! लॉगिन केले की रिकाम्या पडद्यावर एक काळी कमांडची चौकट. ती चुकून बंद केली तर कंट्रोल-अल्ट-डिलीट दाबून टास्क मॅनेजरमधून पुन्हा उघडायची. एक्सप्लोरर नाही, ब्राउझर नाही, पण नोटपॅड होते.

पण छाटणी जरा जास्तच झाली. डॉटनेट हा प्रोग्रॅम चालवण्याचा पाया वगळल्यामुळे पॉवरशेल ही नवी कमांडची चौकटही चालेना, म्हणजे खिडक्या काढून कमांडवर भिस्त ठेवायची आणि कमांडचे मुख्य हत्यारच द्यायचे नाही. पुढच्या आर-टू आवृत्तीत हे सुधारले. 2012 मध्ये कोअर हाच डिफॉल्ट झाला आणि खिडक्या नंतर चढवता-उतरवता येऊ लागल्या. 2016 मध्ये ही अदलाबदल काढून टाकली. त्याच 2016 मध्ये आणखी बारीक असा ‘नॅनो सर्व्हर’ आला आणि पुढच्याच वर्षी त्याचे स्वतंत्र अस्तित्व संपून तो फक्त कंटेनरपुरता (प्रोग्रॅम त्याच्या गरजेच्या फाइल्ससह वेगळ्या पेटीत चालवण्यापुरता) उरला.

डेबियन या लिनक्सची कथा शांत आहे. नेटइन्स्ट ही बाकीचे इंटरनेटवरून आणणारी छोटी प्रतिमा (डिस्कची फाइल) घ्यायची, टास्कसेल या निवडीच्या पडद्यावर डेस्कटॉपची खूण काढायची, हवे ते नंतर आणायचे. फक्त 2009 च्या लेनी आवृत्तीपासून एपीटी हे पॅकेजेस आणणारे हत्यार ‘शिफारस केलेली’ पॅकेजेसही आपोआप ओढू लागले. मुलाबरोबर वऱ्हाडही यायला लागले म्हणा ना. ते नको असेल तर तसे सांगावे लागते.

डेस्कटॉपवर ही निवड ठळकपणे परतली ती उबुंटू या लिनक्सच्या 18.04 आवृत्तीत, एप्रिल 2018 ला. ‘मिनिमल इन्स्टॉलेशन’ निवडले की लिब्रेऑफिस, थंडरबर्ड, खेळ असली सुमारे 80 पॅकेजेस नसायची. गंमत अशी की इन्स्टॉलर आधी सगळे चढवायचा आणि मग यादी हातात घेऊन नको ते उपटायचा. त्यामुळे वेळ काही फारसा वाचत नव्हता. 23.10 मध्ये किमान हेच डिफॉल्ट झाले आणि ऑफिस मागून घ्यायची वस्तू ठरली.

सर्व्हरवर आता छाटणीमागे कंटेनर आणि क्लाउड आहेत. एकच प्रतिमा हजार वेळा उतरवायची असेल तर प्रत्येक एमबी हजार वेळा मोजला जातो. उबुंटू सर्व्हर 22.04 च्या इन्स्टॉलरमध्ये ‘मिनिमाइझ्ड’ हा पर्याय आहे. त्यावर लॉगिन केले की सिस्टिमच सांगते: माणसे लॉगिन करत नाहीत अशा यंत्राला जे लागत नाही ते काढून टाकले आहे, परत हवे असेल तर ‘अनमिनिमाइझ’ ही कमांड चालवा. काढले काय, हे डीपीकेजी या पॅकेजेस चढवणाऱ्या प्रोग्रॅमच्या सेटिंग्जमधल्या ‘एक्सक्लूड्स’ नावाच्या छोट्या फाइलमध्ये लिहिलेले असते. मॅन पेजेस (कमांडची माहितीपत्रके) वगळा. कागदपत्रे वगळा, फक्त कॉपीराइटच्या फाइल्स आणि डेबियनचे चेंजलॉग (बदलांच्या नोंदी) ठेवा. आणि मधल्या एका ओळीत: सगळी भाषांतरे वगळा.